वळण पेलणारे पाय

जायंट स्लॅलम ही बर्फाच्या उतारावर गेट्समधून, म्हणजे खांबांनी आखलेल्या फाटकांमधून, वळत वळत उतरायची स्की-शर्यत. तिचं एक वळण जेमतेम दीड सेकंदाचं. तेवढ्यात ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगाने खाली येणारं शरीर जवळजवळ सगळंच्या सगळं बाहेरच्या पायावर येतं आणि त्या एका पायाला आपल्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार सोसावा लागतो. त्या भाराखाली गुडघा वाकत जातो. तो वाकू द्यायचा, पण कोसळू द्यायचा नाही. वळण संपलं की क्षणभर दोन्ही पाय हलके होतात आणि लगेच दुसऱ्या पायाची पाळी येते. अशी पन्नासएक वळणं घेत खाली पोचायचं आणि काही तासांनी त्याच उतारावर नव्याने लावलेल्या गेट्समधून पुन्हा उतरायचं. दोन्ही रनच्या वेळांची बेरीज करून निकाल लागतो, त्यामुळे दुसऱ्या रनमधल्या शेवटच्या दहा गेट्सना पहिल्या दहांइतकीच किंमत असते.

हे सगळं पेलणारे पाय बर्फावर तयार होत नाहीत, ते उन्हाळ्यात तयार होतात. मार्चमध्ये हंगाम संपतो, थोडी विश्रांती होते आणि मे महिन्यापासून बर्फाबाहेरची तयारी सुरू होते. स्कीइंगच्या वर्ल्ड कपचं वेळापत्रकही साधारण असंच चालतं. ऑक्टोबरच्या शेवटी ऑस्ट्रियात सोल्डनच्या हिमनदीवर जायंट स्लॅलमनेच नव्या हंगामाचा आरंभ होतो. गेल्या वर्षी मी ही संपूर्ण तयारी एका स्ट्रेंथ कोचच्या देखरेखीखाली केली. त्या महिन्यांत काय केलं, कशासाठी केलं आणि शरीराला ते कसं लागू पडलं, ते सविस्तर लिहिते आहे. नुसती व्यायामांची यादी कुठेही मिळते. त्यामागचं कारण कळलं की तोच व्यायाम वेगळा होतो, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

सुरुवात चाचण्यांनी झाली. पहिली होती जागेवरून उंच उडीची, दोन्ही पायांखाली वेगवेगळ्या फोर्स प्लेट, म्हणजे पायाचा जोर मोजणाऱ्या पाट्या, ठेवून. उडी किती उंच गेली याकडे कोचने एकदाच पाहिलं. त्यांचं खरं लक्ष होतं ते जमिनीवर उतरतानाच्या आलेखाकडे. पडद्यावर दोन रेषा होत्या, एक डाव्या पायाची, एक उजव्याची. वर उडताना दोन्ही जवळजवळ एकमेकींवर होत्या. उतरताना मात्र उजवी चढली आणि डावी मागे राहिली. म्हणजे जमिनीला टेकताना मी नकळत डाव्या पायाला जपत होते. चालताना, धावताना, स्क्वॉट मारतानासुद्धा हे कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण उजवीकडे वळताना बाहेरचा पाय डावा असतो, आणि कोर्सवरची निम्मी वळणं उजवीकडचीच असतात.

दुसरी चाचणी रेसर्सच्या फार ओळखीची आहे: बॉक्स जंप. साधारण ४० सेंटिमीटर उंचीच्या भक्कम लाकडी खोक्यावर उभं राहायचं. एका बाजूला उडी मारून खाली, तशीच पुन्हा खोक्यावर, मग दुसऱ्या बाजूला खाली, पुन्हा वर. असं सलग ९० सेकंद. खोक्यावर दोन्ही पाय टेकले की एक आकडा. पहिली वीस-पंचवीस सेकंद मजेत जातात. पन्नासाव्या सेकंदाच्या आसपास मांड्यांत गरम शिसं ओतल्यासारखं वाटायला लागतं, टाचा खोक्याच्या कडेला घासायला लागतात आणि हात आपोआप मांड्यांवर येऊ पाहतात. शेवटच्या टप्प्यात वर उडी मारणं त्यामानाने जमतं. अवघड होतं ते खाली आल्यावर त्याच क्षणी थांबून उलट दिशेने निघणं. कोच दर ३० सेकंदांचा आकडा वेगळा लिहीत होते. एकूण किती उड्या झाल्या यापेक्षा पहिल्या आणि शेवटच्या तुकड्यात किती घसरण झाली, ते त्यांना हवं होतं. माझी घसरण जवळजवळ एक तृतीयांश होती. त्यांनी वहीत त्या आकड्याभोवती गोल केला आणि उन्हाळ्याचा आराखडा त्यावरूनच आखला.

आराखड्यात पहिले काही आठवडे जड वजन नव्हतंच. होता तो संथपणा. स्क्वॉट करताना खाली जायला पाच सेकंद, तळाशी दोन सेकंद थांबायचं आणि मग वर. उजव्या-डाव्या पायासाठी वेगळा स्प्लिट स्क्वॉट, मागचा पाय बाकावर ठेवून, तोही याच गतीने. रोमेनियन डेडलिफ्टमध्ये कमरेतून पुढे वाकत बार मांडीला चिकटवून सावकाश खाली न्यायचा. पायरीवरून एका पायाने उतरायचं, पण दुसरी टाच जमिनीला कागदासारखी अलगद टेकवायची. यामागचं कारण कोचने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. स्नायू दोन तऱ्हांनी काम करतो. आखडत काम करतो तेव्हा वजन वर जातं. ताणला जात असताना काम करतो तेव्हा वजन आवरत खाली येतं. जिना चढताना मांडी पहिलं काम करते, उतरताना दुसरं. बहुतेक खेळांत दोन्ही जोडीने येतात आणि जोर देण्याचा भाग मोठा असतो. स्कीइंगमध्ये उलट आहे. १९९५ मध्ये संशोधक हान्स बर्ग, पेर टेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जायंट स्लॅलम रेसर्सच्या गुडघ्यावर कोन मोजणारं उपकरण आणि मांडीवर इलेक्ट्रोड लावून हे मोजलं. वळणात मांडीचं आवरण्याचं काम उचलण्याच्या कामापेक्षा जास्त वेळ चालतं, स्नायू त्यात जास्त जोराने गुंतलेला असतो आणि गुडघ्याची हालचाल आश्चर्य वाटावं इतकी संथ असते, सेकंदाला सरासरी सुमारे ३५ अंश. बाहेरून बघणाऱ्याला जो खेळ नुसता वेगाचा वाटतो, त्यात मांडीचा स्नायू मात्र प्रचंड भाराखाली सावकाश ताणला जात असतो.

हे ऐकल्यावर पाच सेकंदांच्या त्या कंटाळवाण्या स्क्वॉटकडे बघण्याची माझी दृष्टीच बदलली. प्रत्येक वेळी खाली जाताना मी एखादं वळण डोळ्यांसमोर आणायला लागले. समोरून गेट येतं, स्की आपल्या कडेवर कलते, भार वाढत जातो, आणि आपण त्याला जागा देत देत थोपवतो.

असल्या व्यायामाची किंमत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोजावी लागते. स्नायू ताणला जात असताना काम केलं की त्यात बारीक इजा होतात आणि ठणका दीड-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो. पहिल्या आठवड्यात मला खुर्चीवरून उठताना हातांचा आधार लागत होता. हाच व्यायाम थोड्या दिवसांनी पुन्हा केला की मात्र दुखणं खूपच कमी होतं. शरीर फार लवकर जुळवून घेतं. म्हणूनच हे काम उन्हाळ्याच्या सुरुवातीला हळूहळू वाढवत न्यायचं. बर्फावरचं शिबिर परवा आणि आज पहिल्यांदा असा व्यायाम, असं कधीही करू नये, आणि लहान वयाच्या रेसर्सना तर मुळीच करायला लावू नये.

मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी नॉर्डिक होते. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे घट्ट धरायचे आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंत शरीर एका रेषेत ठेवून पुढे झुकत जायचं, जितकं सावकाश जमेल तितकं. सुरुवातीला मी निम्म्या वाटेवरच सुटत होते आणि हातांवर पडत होते. ऑगस्टपर्यंत जमिनीपासून वीतभर अंतरापर्यंत स्वतःला रोखून धरता यायला लागलं. हा एक व्यायाम मी कुणाही रेसरला डोळे झाकून सुचवीन. मांडीचा पुढचा स्नायू जोरात आखडला की नडगीचं हाड पुढे ओढलं जातं आणि गुडघ्यातल्या एसीएल या लिगामेंटवर, म्हणजे हाडांना जोडून ठेवणाऱ्या अस्थिबंधावर, ताण येतो. मागचे स्नायू तेच हाड मागे खेचून धरतात. स्कीइंगने पुढचे स्नायू आपोआप बळकट होत जातात, मागच्यांकडे मुद्दाम लक्ष द्यावं लागतं.

गुडघ्याबद्दल थोडं अधिक लिहायला हवं, कारण आमच्या खेळात सर्वांत जास्त दुखापती त्यालाच होतात. नॉर्वेच्या संशोधकांनी वर्ल्ड कपमधल्या एसीएल दुखापतींच्या चित्रफिती चौकटी-चौकटीने तपासल्या आणि २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात बहुतेक दुखापती पडण्याच्या आधी, म्हणजे रेसर अजून उभा असतानाच झालेल्या आढळल्या. सर्वांत जास्त वेळा घडलेला प्रकार असा: वळणात बाहेरच्या स्कीची पकड सुटते, रेसर ती परत मिळवायला तो पाय लांब करतो आणि सरळ होत आलेल्या त्या पायाची स्की आतल्या कडेवर एकदम बर्फात रुतते. गुडघा आत ढकलला जातो आणि पिळला जातो. दुसरा प्रकार उडीनंतर वजन मागे असताना उतरण्याचा. हे वाचल्यावर माझ्या आराखड्यातले निम्मे व्यायाम मला नव्याने कळले.

उतरण्याचा सराव आम्ही अगदी पायाभूत पातळीपासून केला. बुटक्या खोक्यावरून नुसतं खाली पाऊल टाकायचं आणि दोन्ही पायांवर उतरून तीन सेकंद पुतळ्यासारखं थांबायचं. आवाज आला तर तो प्रयत्न धरायचा नाही. गुडघे पावलांच्या रेषेत आणि वजन पावलाच्या मध्यावर हवं, शिवाय नितंब मागे गेले तरी छाती पुढे राहायला हवी. मग तेच एका पायावर. मग खोकं उंच. मग हवेत असताना कोच खांद्याला किंवा कमरेला गादीने हलका धक्का द्यायचे, कधी डावीकडून, कधी उजवीकडून, कधी अजिबात नाही. शेवटी खाली टेकता टेकता ते दिशा सांगायचे आणि त्या दिशेने लगेच उडी मारायची. दिसायला हा व्यायाम साधा. पण पूर्ण एकाग्रता मागणारं काम संपूर्ण उन्हाळ्यात दुसरं कुठलं नव्हतं. डाव्या पायाचा नखरा इथेच सुटत गेला. जड स्क्वॉटने तो सुटला नसता, कारण बार खांद्यावर असताना सशक्त पाय अशक्ताचं काम गुपचूप उचलून घेतो.

पकड सुटून स्की रुतण्याच्या प्रकारासाठी जांघेचे स्नायू आणि नितंबाच्या बाजूचे स्नायू. जांघेसाठी कोपनहेगन प्लँक: एका कुशीवर, वरचा पाय बाकावर, खालचा हवेत, आणि शरीर सरळ. सुरुवातीला गुडघा बाकावर ठेवून, पुढे घोटा. शिवाय घसरत्या फळीवर एक पाय बाजूला सरकू द्यायचा आणि तो पूर्ण लांब व्हायच्या आत आवरून परत ओढायचा. कोणताही व्यायाम एसीएल वाचवण्याची हमी देत नाही, हे आमचे फिजिओ वारंवार सांगत. स्की रुतल्यापासून लिगामेंट तुटेपर्यंत शरीराला प्रतिक्रिया द्यायला वेळच उरत नाही. पण पाय तितका लांब जाऊच न देणारी, सुटलेली स्की वेळेवर शरीराखाली आणणारी ताकद असली तर तो क्षण कमी वेळा येतो, असं माझं ठाम मत झालं आहे.

श्वसन आणि हृदयाच्या क्षमतेबद्दल थोडक्यात. रन मिनिट-सव्वा मिनिटाचा असला तरी सायकलिंगचे लांब, शांत तास आराखड्यात भरपूर होते. या तासांचा फायदा रनमध्ये दिसतो त्याहून जास्त रन आणि रन यांच्या मधे दिसतो, उंचावरच्या विरळ हवेत दिवसाला आठ-दहा रन घेताना. ऑस्ट्रियाचा स्की रेसर हर्मान मायर एर्गोमीटरवर, म्हणजे जागेवरच्या सायकलवर, तासन् तास घालवण्यासाठी प्रसिद्ध होता. ऑगस्ट २००१ मधल्या मोटारसायकल अपघातात त्याचा पाय जायची वेळ आली होती, आणि जानेवारी २००३ मध्ये त्याने ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूलची सुपर-जी, म्हणजे जायंट स्लॅलमपेक्षा वेगवान शर्यत, जिंकली. त्या पुनरागमनात अनेक गोष्टींचा वाटा असेल, पण सायकलवर बसायचा कंटाळा आला की मी त्याची आठवण काढायचे.

जुलैमध्ये वजनं वाढली. आता चार-पाच आवर्तनांचे जड सेट, ट्रॅप बारची (ज्याच्या मधोमध उभं राहता येतं अशा बारची) डेडलिफ्ट, खांद्यांच्या पुढच्या बाजूवर बार घेऊन स्क्वॉट आणि मधे मधे उड्या. हा टप्पा मला सर्वांत सोपा गेला आणि त्याबद्दल सांगण्यासारखंही कमी आहे. जड उचलण्याची पद्धत सगळ्या खेळांत सारखीच.

खरी नवलाई होती ती उलट्या सायकलची. दिसायला ती बैठ्या सायकलसारखी, पाठीला टेका असलेली. फरक एवढाच, की पेडल्स मोटर फिरवते आणि ती आपल्या दिशेने येतात. आपण ढकलून ती फिरवायची नाहीत, ती येत असताना त्यांना रोखायचं. मोटर अर्थातच थांबत नाही, पण आपण किती जोराने रोखतो आहोत ते पडद्यावर वॅट्समध्ये दिसतं. पडद्यावर एक रेषा सरकत असते आणि आपला जोर त्या रेषेवर ठेवायचा असतो. पहिल्या वेळी माझा आलेख करवतीच्या दात्यांसारखा आला. जोर कधी फार लवकर लागत होता, कधी फार उशिरा, आणि पेडल वर येऊन गुडघा छातीकडे ढकलला जायचा. काही सत्रांनंतर ती लय सापडली. पाय येणाऱ्या पेडलला आधी भेटतो, मग त्याला जागा देतो, मग सोडतो. बाहेरच्या स्कीवर भार घेताना नेमकं हेच होतं. आणखी एक गोष्ट जाणवली: साध्या सायकलवर ज्या वॅट्सना मी धापा टाकते, त्याच वॅट्सना इथे सहज बोलता येत होतं, कारण स्नायू आवरण्याच्या कामाला प्राणवायू फारच कमी घेतो. त्यामुळे मांड्यांना भरपूर भार देऊनही बाकीचं शरीर थकत नाही. स्वित्झर्लंडमध्ये अल्पाइन रेसर्सवर या सायकलचे प्रयोग झालेले आहेत.

अशी सायकल सगळीकडे नसते. तिच्याऐवजी फ्लायव्हील, म्हणजे पट्ट्याने फिरवायचं जड चाक, चालतं. पट्टा ओढला की चाक फिरतं आणि पट्टा संपला की तेच चाक त्याच जोराने आपल्याला खाली ओढतं. हे यंत्र मुळात अंतराळवीरांसाठी तयार झालं, कारण तिथे वजन उचलण्याला काही अर्थच नसतो. ते तयार करणाऱ्यांत वर उल्लेख केलेले बर्ग आणि टेशच होते. दोन्ही नसेल तर दोन पायांनी वर जायचं आणि एका पायाने पाच सेकंद घेत खाली यायचं. साधा लेग प्रेस त्यासाठी पुरतो. कामाचा गाभा तोच राहतो.

धडाच्या व्यायामांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पोट आत-बाहेर करणाऱ्या शेकडो आवर्तनांनी रेसरला काही मिळत नाही. वळणात पाय एकीकडे फिरतात आणि छाती दरीकडे तोंड करून राहते. म्हणजे धडाचं काम वळण्याचं कमी आणि न वळण्याचं जास्त. आम्ही पालॉफ प्रेस केले, छातीसमोर धरलेला रबरी पट्टा बाजूने ओढत असताना हात सरळ करून तिथेच राहायचं. एका हातात जड डंबेल घेऊन चालायचं आणि कंबर कलू द्यायची नाही. मेडिसिन बॉल भिंतीवर बाजूने फेकायचा, पण पाय रोवून. पोटाच्या तिरक्या स्नायूंचं या खेळात किती काम असतं, ते अमेरिकन रेसर मिकाएला शिफ्रिनच्या दुखापतीने सगळ्यांना दिसलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या किलिंग्टनच्या जायंट स्लॅलममध्ये ती पडली, पोटाच्या बाजूला खोल जखम झाली आणि तिरके स्नायू फाटले. पाय धडधाकट असूनही तिला जानेवारीच्या अखेरीपर्यंत बाहेर राहावं लागलं. पुढे २३ फेब्रुवारी २०२५ रोजी इटलीतल्या सेस्त्रिएरेच्या स्लॅलममध्ये (जवळजवळच्या गेट्सच्या शर्यतीत) तिने वर्ल्ड कपमधला शंभरावा विजय मिळवला.

ऑगस्टच्या शेवटी तो भाग आला ज्याची मला धास्ती होती: जळजळ सोसायचे सर्किट. बॉक्स जंप, मग बाजूच्या लांब उड्या, मग खालच्या बैठकीत स्थिर धरून ठेवणं, असं सगळं मिळून एका रनएवढा वेळ. मग दोन-तीन मिनिटं विश्रांती आणि पुन्हा. आखडलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो. खालच्या बैठकीत मांड्या सतत ताठ राहिल्या की रक्त आत पोचत नाही आणि प्राणवायूवाचून चाललेल्या कामाचं ओझं साठत जातं. कोर्सवर याला एकच वाट असते, ती दोन वळणांमधल्या हलक्या क्षणाची. त्या क्षणी मांड्या खरोखर सोडल्या तर थोडं रक्त आत जातं. म्हणून सर्किटमध्ये आम्ही सोडण्याचाही सराव केला. प्रत्येक उडीच्या वरच्या टोकाला श्वास सोडायचा, जबडा ढिला, मांड्या ढिल्या, आणि टेकताना पुन्हा ताठ. श्वास कोंडून धरायची सवय बहुतेक रेसर्सना असते, कारण भाराखाली ते नैसर्गिकच आहे. श्वास वळणाच्या लयीला बांधला की सर्किटच्या शेवटच्या तुकड्यातसुद्धा पाय हुशारीने वागतात. सप्टेंबरमधल्या बॉक्स चाचणीत माझा पहिल्या ३० सेकंदांचा आकडा फारसा वाढला नव्हता. शेवटचा मात्र त्याच्या बराच जवळ आला होता. कोचना तेवढं पुरेसं होतं.

हात आणि खांदे यांना वेळ कमी दिला, पण दिला. स्टार्टला काठ्यांवर जोर देऊन बाहेर पडायचं असतं, त्यासाठी पुल-अप आणि दंडाच्या मागच्या बाजूचे व्यायाम पुरेसे होते.

बर्फावर परतल्यावर पहिले काही दिवस पाय जड वाटले. जिममधली ताकद बर्फावर लगेच उतरत नाही. ताठ बूट घोट्याला मोकळं हलू देत नाहीत, त्यामुळे तोच गुडघ्याचा कोन वेगळ्या तोलावर पकडावा लागतो. या काळात कोचने वजनं कमी केली, आवर्तनं कमी केली आणि मला मोकळं स्कीइंग करू दिलं. पुढच्या शिबिरात गेट्स लागल्या तेव्हा फरक कळला. पूर्वी कडक, खडबडीत झालेल्या कोर्सवर उजव्या वळणात स्की थरथरायला लागली की मी वळण लवकर सोडून द्यायचे. आता डावा पाय ती थरथर पचवून वळण पूर्ण करत होता. चित्रफितीत दिसत होतं की उजवीकडच्या गेट्सखाली माझी रेघ डावीकडच्या गेट्सइतकीच नीट गोल होती. आतल्या पायाबद्दल कुणी बोलत नाही, पण तोही बदलला होता. वळणात आतला गुडघा पार छातीपर्यंत येतो, आणि त्या खोल कोनात तो नियंत्रणात राहणं खोल स्प्लिट स्क्वॉटशिवाय मला जमलं नसतं.

हंगाम सुरू झाला की जिम बंद करायचा मोह होतो. प्रवास, रेस, स्की तयार करणं, झोप, यातून वेळ मिळत नाही. पण स्नायू टिकवायला फार लागत नाही. आठवड्यातून दोन सत्रं, प्रत्येकी पाऊण तासाची. वजन जड, आवर्तनं मोजकी, नवा व्यायाम एकही नाही. संथ उतरण्याचं काम अगदी थोडं, तेही रेसपासून तीन-चार दिवस दूर. नॉर्डिक मात्र सोडायचे नाहीत. रेसच्या सकाळी दहा-पंधरा मिनिटं सायकल किंवा धावणं, रबरी पट्ट्याने नितंब जागे करणं आणि स्टार्टच्या आधी एका पायावरच्या दोन-चार उड्या, बूट घातलेले असतील तरी. दोन रनच्या मधे बसून राहिलं की पाय गार पडतात. त्यामुळे काही तरी खाऊन मी चालत राहते, कपड्यांचा थर चढवते आणि दुसऱ्या कोर्सची पाहणी करायला पूर्ण तापलेल्या पायांनी जाते.

येत्या हंगामात मी सुपर-जीमध्येही उतरणार आहे. तिथे एकच रन असतो, सरावाचा रन नसतोच. सकाळी कोर्सची एकदा पाहणी करायची आणि थेट रेस. वळणं लांब, वेग जास्त, आणि टक पोझिशनमध्ये, म्हणजे वारा कमी लागावा म्हणून खाली वाकून, धरून राहण्याचा वेळ मोठा. त्यामुळे या मे महिन्यापासून आराखडा बदलला आहे. खालच्या बैठकीत स्थिर धरण्याचे टप्पे लांबले आहेत, मानेचे व्यायाम वाढले आहेत, आणि उतरण्याच्या सरावात आता खोकं गुडघ्यापेक्षा उंच आहे आणि अंगावर वजनाचं जाकीट आहे. शांतपणे, आवाज न करता उतरण्याचा नियम तोच आहे, आणि या उंचीवरून तो पाळणं मला अजून दर वेळी जमत नाही. जूनअखेरपर्यंत दोन्ही पायांवर ते पक्कं झालं, की मगच एका पायावर सुरू करायचं असं आमचं ठरलं आहे.